तीन मजल्यांचा कंट्रोलर

राजकोटात दुपारी जेवणानंतर जो माणूस जागा असतो, तो एक तर परगावचा असतो किंवा त्याच्या पोटात दुखत असतं. मी इथलाच आणि माझं पोट मजबूत. गाठिया, तळलेल्या मिरच्या आणि ताकाचे लोटे यांच्यावर पोसलेलं हे पोट जेवण झालं की मेंदूला रजा देऊन टाकतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या बाजूने बोलण्यासारखं एवढंच आहे.

माझं नाव अनंतराय पुजारा. सगळी नोकरी वीज खात्यात झाली. शाळाशाळांत जाऊन मी वीज बचतीवर भाषणं दिली. ‘पंखा माणसाला वारा घालतो, खुर्चीला नाही’ हे वाक्य माझं, निदान मी तरी तसं समजतो. निवृत्त झालो तेव्हा खात्याने शाल दिली आणि माझी बायको मंजुला म्हणाली, “ते सुटले, आता मी सापडले.” त्या दिवसापासून घरातला एकही दिवा मी उगाच जळू दिलेला नाही. मंजुला आंघोळीला गेली आणि मी बाहेरून बाथरूमचा दिवा बंद केला, असंही झालेलं आहे. त्यावर तिने आतून जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घर आमचं तीन मजली. तळमजल्यावर माझे थोरले भाऊ जमनादास, म्हणजे मोटाभाई. भाभी दोन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून ते खाली एकटेच. मधल्या मजल्यावर मी आणि मंजुला. वर आमचा मुलगा केतन आणि सून फाल्गुनी. मजले तीन, पण चूल एकच, आणि रात्रीचं जेवण सगळ्यांनी मिळून मोटाभाईंच्या खोलीत. त्यांनी रोटल्याचा पहिला तुकडा मोडला की मग बाकीच्यांचे हात चालणार.

मोटाभाईंचं बांधणीच्या साड्यांचं दुकान होतं. दुपारी एकदा शटर खाली आलं की लग्नघरचं गिऱ्हाईक दारात उभं राहिलं तरी ते उघडत नसत. “चारला या, बेन. साडी तोवर पळून जात नाही,” असं आतूनच सांगायचे. असा हा झोपेचा मानकरी. आता दुकान नाही, पण दुपारी गच्चीवर जाऊन कबुतरांना ज्वारी टाकायची, मग खाली येऊन पडायचं, हा त्यांचा नेम. जिना चढताना प्रत्येक मजल्याच्या आधी मोठ्याने खोकायचे. सुनेच्या मजल्यावर थोरल्या माणसाने वर्दी दिल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, ही आमच्याकडची रीत. फाल्गुनी पाश्चात्त्य कपडे घालून परदेशातल्या साहेबांशी बोलते, पण अदांचा खोकला ऐकला की तीही सावरून बसते. केतन आणि ती त्यांना अदा म्हणतात. आमच्यात थोरल्या काकाला तेच म्हणायचं.

या फाल्गुनीपायीच सगळं रामायण सुरू झालं. ती घरी बसून लेस्टरच्या एका कंपनीचे हिशेब सांभाळते. त्यांची सकाळची बैठक म्हणजे आपली दुपार. बैठक ऐन रंगात आली की आमच्या घरचं जुनं नेट मान टाकायचं. साहेबाने तिला दोनदा समज दिली. तिसऱ्यांदा असं झालं तर काम दुसऱ्याला देऊ म्हणाला. मग केतन एका रात्री जेवताना बोलला.

“पप्पा, रिंग रोडवर एक फ्लॅट पाहिलाय. तिथे नेट, दिवे, कुलूप, सगळं फोनवर चालतं. नोकरी जाण्यापेक्षा आम्ही तिकडे राहायला गेलेलं बरं.”

मोटाभाईंचा हात ताटातच थांबला. मंजुलाने पदराला हात पुसले. मी मात्र बोललो. गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही.

“मी वीज खात्यातला माणूस. फ्लॅटात जे जे असेल ते सगळं या घरात महिन्याभरात करून देतो. नाही जमलं तर खुशाल जा.”

“आणि नाही जमलं तर?” मोटाभाईंनी मलाच विचारलं.

“जमेल, मोटाभाई. यात काय मोठं!”

म्हणजे पैज लागली होती ती माझ्या अकलेवर, आणि पणाला लागलं होतं घर.

दुसऱ्या दिवशी मी नेटची यंत्रं विकणाऱ्या दर्शितच्या दुकानात गेलो. पोरगा हुशार. त्याने समजावलं, “काका, तीन मजले म्हटल्यावर प्रत्येक मजल्यावर नेटची एकेक तबकडी लागेल. आणि त्या सगळ्यांना हाकणारा एक कंट्रोलर. दिवे, पाण्याची मोटर, दाराचं कुलूप, सगळं त्याच्या हुकमात.”

“म्हणजे घरातला वडीलधारा.”

“हो, पण हा ऐकतो.”

त्याने तीन प्रकार दाखवले. एका प्रकारात यंत्रच नव्हतं. घराचा कारभार कंपनीच्या दूरच्या कॉम्प्युटरवरून चालणार. तो मी तिथल्या तिथे बाद केला. आपल्या जिन्यातला दिवा लावायला परक्या गावच्या माणसाची मर्जी कशाला? दुसरी होती साबणाच्या वडीएवढी पांढरी पेटी. दर्शित म्हणाला, तुमच्या घराला ही पुरे. पण तिला एकही एरियल नव्हतं. बिनमिशीच्या फौजदारावर माझा विश्वास नाही. तिसरी होती काळीकुळकुळीत, आठ एरियलची.

“काका, ती हॉटेलवाले नेतात.”

“मला वीज शिकवतोस? तुझा जन्म नव्हता तेव्हापासून मी खांबावर चढतोय.”

“वायरलेसला खांब नसतो, काका.”

मी आठ एरियल घेऊनच घरी आलो.

पेटी कुठे बसवायची यावर रात्री चर्चा झाली. माझ्या मते थोरल्यांच्या मजल्यावर बसवायला हवी होती, मानाचा प्रश्न होता. मोटाभाई म्हणाले, “मला फोन उचलता उचलता कट होतो. तुझ्याकडेच ठेव, अनु. मधे राहिली तर दोन्हीकडे पुरेल.” हे दर्शितनेही सांगितलं होतं. पण मोटाभाईंनी सांगितलं म्हणून मला पटलं.

मधल्या मजल्यावर जिन्याशेजारी पूर्वी पाणी शुद्ध करायचं मशीन होतं. ते काढून तिथेच पेटी बसवली. वायरिंग मी स्वतः केलं. वायर दिसू नये म्हणून पट्टीमागून नेली आणि जुन्या बोर्डावरच जोडली. त्या बोर्डावर आठ बटणं. कुठलं कशाचं ते मला सोडून कुणालाच माहीत नव्हतं आणि त्याचा मला अभिमान होता. वर पेटीला कुणी हात लावू नये म्हणून सुताराकडून कपाट करून घेतलं, त्याला कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली.

पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना जिन्यात उभं करून मी फोनवरून गच्चीचा दिवा लावून दाखवला. केतनने टाळी वाजवली. मंजुला म्हणाली, “वर जाऊन लावला असता तर व्यायाम झाला असता.”

पण दुसऱ्या दिवशी दुपारी नेट गेलं.

चारला मी उठलो आणि जरा वेळाने फाल्गुनी खाली आली. मी किल्लीने कपाट उघडलं. आत सगळे दिवे हिरवेगार. “हे बघ, चालू आहे. तुझ्या कॉम्प्युटरचंच काहीतरी असेल.” तिने बघितलं, खरंच चालू होतं. बिचारी परत वर गेली.

तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशीही. रोज दुपारी जायचं आणि चारला आपोआप यायचं. दुपारी मला उठवावं तर तशी या घरात कुणाची प्राज्ञा नाही. मी भिंतींना दोष दिला. जिन्यातलं जुनं लोखंडी कपाट आडवं येतं म्हणून हलवलं, त्यात माझी कंबर लचकली. दर्शितकडे जाऊन पेटी बदलून आणली. मग तीही बदलली आणि शेवटी त्याची ती पांढरी वडी मुकाट्याने घेतली. तीही दुपारी मेली. फाल्गुनी फोनच्या नेटवर कसंबसं निभावत होती, पण आमच्या गल्लीत ते नेट खिडकीत उभं राहून फोन बाहेर धरला तरच येतं. बैठकीत साहेबाला तिचा चेहरा कमी आणि समोरच्यांची वाळत घातलेली लुगडी जास्त दिसत असणार.

शेवटी दर्शितने त्याच्या फोनवर काहीतरी तपासलं आणि म्हणाला, “काका, यंत्राला काही झालेलं नाही. याची वीजच जाते रोज दुपारी. घरातलं कुणीतरी बटण बंद करतंय.”

झालं. दुपारी जिन्यातून कोण जातं? कबुतरांना ज्वारी घेऊन कोण चढतं? माझा हिशेब घरी पोहोचेपर्यंत पुरा झाला होता. रात्री जेवताना, सुनेच्या देखत, मी पंचाहत्तरी ओलांडलेल्या भावाला म्हणालो, “मोटाभाई, जाता-येता बटणं बंद करायची तुमची खोड मला माहीत आहे. पण त्या एका बटणापायी पोरांचं घर मोडायची वेळ आलीये.”

“मी?” मोटाभाईंनी रोटला खाली ठेवला. “मला तर आठवत नाही, अनु.”

“आठवत नसेल. वय झालं की असं होतं.”

त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. मग म्हणाले, “असेलही बाबा. तुझी भाभी गेल्यापासून माझं लक्ष ठिकाणावर नसतं. चुकलं असेल.”

फाल्गुनी हळूच म्हणाली, “पण पप्पा, अदा वर येताना खोकतात. ते गेले की जरा वेळाने नेट जातं. तोवर ते खालीसुद्धा पोहोचलेले असतात.”

“तुला बैठकीच्या गडबडीत काय ऐकू येणार?” मी तिला गप्प केलं.

दुसऱ्या दिवसापासून मोटाभाई जिना चढले नाहीत. ज्वारीचा डबा खालीच राहिला आणि गच्चीवर कबुतरं नुसती घुमत बसली. संध्याकाळी मंजुला चहा घेऊन खाली गेली तर ते अंधारात बसले होते. “दिवा का नाही लावला?” तर म्हणाले, “कुठलं बटण कशाचं, आता माझा मला भरवसा नाही. तूच लाव.” मंजुलाने वर येऊन मला हे सांगितलं आणि माझ्याशी बोलणं बंद केलं.

आणि नेट? ते त्या दुपारीही गेलं.

आता सरळ मनाच्या माणसाला यातून कळायला हवं होतं. मला काय कळलं? की मोटाभाई आता खोकल्याशिवाय, चोरून येतायत. म्हणून मी दर्शितकडून एक छोटा कॅमेरा आणला आणि जिन्यात लावला. चोरच कोतवालाच्या खुर्चीवर बसला होता, पण हे कोतवालाला माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी मोटाभाईंच्या खोलीत सगळ्यांना जमवलं. त्यांच्याच टीव्हीवर दाखवायचं ठरवलं, म्हणजे वाद नको. माझ्या मनात असं होतं की पुरावा दाखवायचा आणि वर मोठ्या मनाने माफ करून टाकायचं. माफीची दोन वाक्यं मी आंघोळ करताना घोकूनही ठेवली होती. केतनने चित्र लावलं.

जिना रिकामा. मग पडद्यावर एक पाठ आली. बनियन, लेंगा, खांद्यावर नॅपकिन, एका हाताने दातांत काडी चाललेली. पाठीला मालक असा दिसत नव्हता, नुसतं एक जडावलेलं पोट झोपेकडे निघालेलं होतं. दुसरा हात बोर्डाकडे गेला, न बघता. तिसरं बटण. खट्ट. आणि नेटबरोबर चित्रही गेलं.

मग आठवडाभर अबोला धरलेली माझी बायको बोलली.

“तो लेंगा मी ओळखते. त्याची नाडी मीच ओवलीये.”

केतन हसता हसता पलंगावरून खाली आला. फाल्गुनीने ओढणी तोंडावर धरली. “काखेत कळसा अन् गावाला वळसा,” मंजुला म्हणाली, “आणि वळसा घातला तो घातला, वर कंबर लचकवून आले!”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ते तिसरं बटण जुन्या पाण्याच्या मशीनचं. रोज जेवून झोपायला जाताना ते बंद करायचं आणि चारला उठल्यावर चालू करायचं, हे काम वर्षानुवर्षं माझ्या हाताचं. मशीन गेलं, पण ते हाताला कुणी कळवलंच नव्हतं. त्याच बटणावर मी स्वतः पेटी जोडली, रोज स्वतः बंद केली, स्वतः चालू केली आणि मग किल्लीने कपाट उघडून सुनेला हिरवे दिवे दाखवले.

मोटाभाई मात्र हसले नाहीत. टीव्हीकडे बघत त्यांनी विचारलं, “म्हणजे मी नव्हतो?”

“नाही, मोटाभाई.”

“खरंच मी नव्हतो ना?” त्यांनी पुन्हा विचारलं. या वेळी केतनला. “मला वाटलं, आपलं डोकं चाललं. आज बटण विसरलो, उद्या घर विसरेन.”

घोकलेली दोन वाक्यं फुकट गेली. मी उठलो आणि त्यांच्या पाया पडलो. दिवाळीच्या पाडव्याला पडतो तसा नाही, खरोखरीचा पडलो. त्यांनी माझ्या टकलावर एक चापटी मारली. “ऊठ. लेंगा फाटेल.”

यानंतर मी सुधारलो असं कुणाला वाटेल. फाल्गुनीने त्या बटणावर चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दुपारी ती मी काढली. वीज खात्याच्या माणसाला बटणावर चिकटपट्टी बघवत नाही, हातानेच ती सोलून काढली आणि खट्ट. लेस्टरच्या साहेबाने तिला सांगितलं की आता आठवडाभर बघतो, मग काय ते ठरवतो. ओळखीच्या वायरमनला फोन केला तर तो म्हणाला, दुपार सोडून कधीही येतो, पण या आठवड्यात लग्नाची कामं आहेत. माझ्या हाती वायरिंग द्यायला आता कुणी तयार नव्हतं. दुपारी मला कोंडून ठेवायचं का यावर गंभीर विचार झाला.

तेव्हा मोटाभाई म्हणाले, “मी बसतो.”

जेवणानंतर ते काठी घेऊन, खोकत वर आले, बोर्डाखाली खुर्ची टाकली आणि बसले. ज्या माणसाने लग्नघरच्या गिऱ्हाइकासाठी कधी दुपारची झोप मोडली नाही, तो माझ्या सुनेच्या नोकरीसाठी जिन्यात जागत बसला. मी आलो, माझा हात गेला, आणि काठी नेमकी माझ्या बोटांवर बसली. “झोपायला जा, अनु.” रोज हेच. माझी बोटं सुजली, पण नेट एकदाही गेलं नाही. चारला बैठक संपली की फाल्गुनी खाली येऊन चहा करायची आणि जिन्यातच पायरीवर बसून अदांना साहेबाच्या नकला करून दाखवायची. मोटाभाई बशीत चहा ओतून ऐकायचे. तो आठवडा संपला आणि काम तिच्याकडेच राहिलं. फ्लॅटवाल्याचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. ती त्याला म्हणाली, “नको भाई. तुमच्या जिन्यात दुपारी कोण बसणार?”

मग वायरमन आला. त्याने पेटीची वायर बटणाला वगळून सरळ जोडून टाकली. आता ते तिसरं बटण दाबा, सोडा, नाचवा, कशाचं काही होत नाही. पण हे मोटाभाईंना सांगायला कुणाची जीभ रेटेना. ते रोज येऊन बसतच होते. एवढ्या वयात आपल्यामुळे त्यांची झोप मोडतेय, हे मला खायला लागलं. परवा दुपारी मी धीर केला.

“मोटाभाई, या बटणात आता काही नाही. उगाच जागू नका. खाली जाऊन पडा.”

त्यांनी बटणाकडे बघितलंही नाही. “माहीत आहे मला. वायरमनने जाताना मलाच सांगितलं.”

“मग बसता कशाला?”

वरून फाल्गुनीचं इंग्रजी ऐकू येत होतं. त्यांनी मान वर करून तिकडे कान दिला.

“तुझी भाभी गेल्यापासून मला दुपारी झोप लागते कुठे, अनु? तुम्ही सगळे घोरत असता. मी ज्वारी टाकून येतो आणि खाली भिंतीकडे बघत पडतो. चार वाजता वाजत नाहीत. इथे निदान कुणाचा तरी आवाज येतो.”

दोन वर्षं मी त्यांच्या डोक्यावरच्या मजल्यावर घोरत होतो, आणि मला वाटत होतं की तीन मजले जोडायला आठ एरियल लागतात. आतून एक खुर्ची आणली आणि त्यांच्याशेजारी टाकली. म्हटलं, आजपासून दुपारी मी पण जागा. आपण दोघं मिळून गप्पा मारू.

मंजुला सांगते की पाचच मिनिटांत माझं घोरणं वरच्या मजल्यावर साहेबापर्यंत पोहोचलं आणि फाल्गुनीला दार लावून घ्यावं लागलं. माझी मान मोटाभाईंच्या खांद्यावर होती म्हणे. त्यांनी ती चार वाजेपर्यंत हलवली नाही.